कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी स्क्रीन कुणाला दाखवता?

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

सॉफ्टवेअर प्रकल्पात स्क्रीन नेमक्या कधी आखायच्या आणि वापरणाऱ्यांसमोर कधी ठेवायच्या, यावर इथल्या अनुभवी लोकांशी बोलायचं बरेच दिवस मनात होतं. आधी माझा अनुभव सांगते, कारण त्या प्रकल्पाने माझी कामाची पद्धतच बदलली.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका कारखान्यासाठी यंत्रदुरुस्तीच्या नोंदींची प्रणाली केली. यंत्र बंद पडलं की तंत्रज्ञाने नोंद करायची, दुरुस्ती झाली की ती मिटवायची, महिन्याच्या शेवटी व्यवस्थापनाला अहवाल मिळायचा. एवढंच काम. मागण्यांचा दस्तऐवज जाडजूड होता, त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. आम्ही डेटाबेस आखला, कोड लिहिला आणि स्क्रीनचा विचार सगळ्यात शेवटी केला. खरं म्हणजे केलाच नाही. टेबलमध्ये रकाने ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने फॉर्मवर उतरले. टेस्टिंग कसून झालं. रिलीजच्या दिवशी बगच्या यादीत गंभीर असं काही शिल्लक नव्हतं.

तीन आठवड्यांनी कळलं की तंत्रज्ञ अजून वहीतच लिहितात. पाळी संपताना कुणीतरी एक जण बसून वहीतलं सगळं संगणकात चढवतो.

मी तिथे दोन दिवस जाऊन बसले. काही विचारलं नाही, बघत राहिले. फॉर्मचा पहिला रकाना होता यंत्र क्रमांक, आठ अंकी. तंत्रज्ञाला यंत्राची जागा ठाऊक असते, सगळे त्याला ज्या नावाने ओळखतात ते नाव ठाऊक असतं. तो आकडा मात्र यंत्राच्या मागच्या अंगाला पट्टीवर कोरलेला. दुसरं, 'बिघाडाचं कारण' भरल्याशिवाय नोंद जतनच होत नसे. पण कारण यंत्र उघडल्यावर कळतं! मग माणसं यादीतलं पहिलं कारण निवडून पुढे जात. यादी अकारविल्हे होती आणि पहिलं कारण होतं 'अतिउष्णता'. त्या महिन्याच्या अहवालात अतिउष्णतेचे बिघाड सर्वांत जास्त दिसले आणि व्यवस्थापनात नवी शीतकरण यंत्रणा बसवण्याची चर्चासुद्धा सुरू झाली होती. तिसरं, दहा मिनिटं काही हालचाल नसली की लॉगिन संपे. माणूस सुटा भाग आणायला भांडारात गेला की परत येईपर्यंत अर्धा भरलेला फॉर्म कोरा.

यातलं काहीही बग नव्हतं. प्रत्येक गोष्ट सह्या झालेल्या दस्तऐवजाप्रमाणेच चालत होती. सुधारायला साडेतीन महिने लागले, कारण यंत्र क्रमांक हाच सगळ्या टेबलांचा दुवा होता आणि 'कारण अजून माहीत नाही' अशी अवस्थाच आमच्या रचनेत नव्हती.

पुढच्या प्रकल्पात मी हट्ट धरला. दुसऱ्याच आठवड्यात कोऱ्या कागदांवर पेन्सिलने आठ स्क्रीन काढल्या. ड्रॉपडाउन (दाबलं की उघडणारी पर्यायांची यादी) म्हणजे कागदाची पट्टी, सूचना म्हणजे चिकटचिठ्ठी, समोरचा माणूस बोट ठेवेल ते क्लिक. एक सहकारी 'संगणक' झाला. तोंडातून शब्द न काढता कागद बदलायचे, हे त्याचं काम. दुसरा टिपणं घ्यायला, आणि मी काम सांगायला. एकेक करून पाच जण आले, प्रत्येकाला पाऊण तास.

बटण कुठे हवं, अक्षर केवढं हवं, असं काही निघेल अशी माझी अपेक्षा होती. तेही निघालं. पण दुसऱ्याच बाई मध्येच थांबून म्हणाल्या, "हे आत्ता अर्धवट ठेवून उद्या पूर्ण करायचं असेल तर कुठे ठेवू?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मागण्यांच्या चार बैठकांत हा प्रश्न आलाच नव्हता, आणि त्यातल्या दोन बैठकांना त्या बाई स्वतः हजर होत्या. बैठकीत कामाबद्दल बोलणं चाललेलं असतं. कागदावर बोट ठेवून त्या काम करायला लागल्या तेव्हा त्यांना ते आठवलं. त्या एका प्रश्नाने डेटाबेसची रचना बदलली, आणि त्या टप्प्यावर ती बदलायला एक दुपार पुरली.

सुरुवातीला काढलेली कच्ची स्क्रीन हा मागण्या विचारण्याचाच प्रकार आहे आणि तो बैठकीपेक्षा जास्त भरवशाचा आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. हे काही माझं संशोधन नाही. आयबीएममधल्या जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस यांनी १९८५ मध्येच सांगून ठेवलं आहे की वापरणाऱ्यांकडे आणि त्यांच्या कामांकडे पहिल्यापासून लक्ष द्या, प्रत्यक्ष वापर मोजा, आणि आराखडा पुन्हा पुन्हा बदलत न्या. गूल्ड यांच्या गटाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी खेळाडूंना आवाजी निरोप ठेवता येतील अशी यंत्रणा केली. तेव्हा वापरायची माहितीपत्रिका अगदी सुरुवातीलाच लिहून लोकांना वाचायला दिली होती, आणि किऑस्कचा, म्हणजे निरोप ठेवायच्या उभ्या केंद्राचा, पोकळ सांगाडा येण्याजाण्याच्या वाटेवर उभा करून लोकांची मतं घेतली होती.

इतकं असूनही दर प्रकल्पात मला एकच उत्तर मिळतं, "अजून दाखवण्यासारखं काही नाही." तुमच्याकडे काय होतं? किती लवकर दाखवता, कुणाला दाखवता, आणि टीमला कसं तयार करता?

अर्धविराम

'अतिउष्णता' वाचून थांबले. आमच्या एका फॉर्ममध्ये पहिला पर्याय 'इतर' होता. वर्षभराच्या माहितीचं विश्लेषण करायला बसलो तर 'इतर'शिवाय हाती काही लागलं नाही. ती माहिती आता कधीच परत मिळणार नाही. धागा वाचनखुणेत ठेवला आहे.

समास

लेख प्रामाणिक आहे, पण माझ्या काही शंका आहेत आणि त्या स्पष्टच मांडतो. मी अठरा वर्षं प्रोग्रामिंग करतो आहे.

पहिली शंका, पाच माणसं म्हणजे काय नमुना झाला? पाचांवरून रचना बदलायची आणि सहाव्याने उलट सांगितलं तर? दुसरी, लोकांना काय हवं ते बऱ्याचदा त्यांनाच सांगता येत नाही. मी स्वतः क्लायंटला चित्रं दाखवली आहेत. "छान आहे, हेच हवं होतं" असं म्हणून त्यांनी मान्यता दिली आणि तयार स्क्रीन हातात आल्यावर "हे नको" म्हणाले. तिसरी, कागदाला वेग नसतो. हजार ओळींची यादी कागदावर कशी दाखवणार? ती सरकवताना काय होतं, शोधाचं उत्तर यायला वेळ लागला तर माणूस दोनदा बटण दाबतो का, हे चालत्या स्क्रीनवरच कळतं.

विरोधाला विरोध म्हणून लिहीत नाही. आमच्याकडे हा प्रयोग झाला होता, दोन आठवडे गेले आणि हाती फक्त मतं आली.

आकडेमोड

@समास, पाच माणसांच्या प्रश्नावर लिहितो, कारण हा आकडा फार सैलपणे फिरतो.

त्याचं मूळ जेकब नील्सन आणि टॉम लँडाउअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांच्या १९९३ च्या गणितात आहे. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करत होता. म्हणजे एकाच्या नजरेतून ६९ टक्के निसटतात, दोघांच्या नजरेतून ०.६९ गुणिले ०.६९, असं करत पाच जणांनंतर साधारण १६ टक्के निसटलेल्या राहतात. 'पाच जणांत ८५ टक्के' म्हणतात ते इथून आलं.

पण हे ३१ टक्के म्हणजे सरासरी आहे, निसर्गनियम नव्हे. तुमच्या स्क्रीनवर एखादी अडचण दहातल्या एकालाच येत असेल, तर पाच जणांत ती एकदाही न दिसण्याची शक्यता ५९ टक्के आहे. स्वतः गुणाकार करून पाहा, ०.९ चा पाचवा घात. जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांनी २००१ मध्ये खरेदीच्या संकेतस्थळांवर चाचण्या घेतल्या, तिथे पहिल्या पाच जणांत जेमतेम ३५ टक्के अडचणी सापडल्या. लॉरा फॉकनर यांनी २००३ मध्ये ६० जणांची चाचणी घेऊन त्यातून पाच-पाचांचे गट यादृच्छिक पद्धतीने निवडून पाहिले. एखाद्या गटाला जवळजवळ सगळं सापडलं, तर एखाद्याला फक्त ५५ टक्के. दहा जणांचे गट केले तेव्हा सगळ्यात कमनशिबी गटालाही ८० टक्के सापडलं.

मग पाच कशासाठी? कारण पाचांनंतर थांबून दुरुस्त करायचं असतं आणि मग नवे पाच बोलवायचे असतात. एकदम पंधरा जण बसवले तर सहाव्यापासून पंधराव्यापर्यंत तेच अडखळणं दहा वेळा बघत बसाल. पाच-पाचच्या तीन फेऱ्या केल्या तर दुसऱ्या फेरीत तुमची दुरुस्ती बरोबर होती की नाही तेही कळतं. दुरुस्तीनेच नवी अडचण आणली, असं माझ्या कामात कितीदा तरी झालं आहे.

आणखी एक. पाच म्हणजे एकाच प्रकारचं काम करणारे पाच. नोंद करणारा वेगळा आणि अहवाल बघणारा वेगळा, तर दोन्हीकडचे स्वतंत्र घ्या. आणि पाच जणांवरून टक्केवारी काढून अहवालात लिहू नका, कृपा करून. 'पाचांपैकी तीन जण अडखळले' असं लिहा आणि पुढे कुठे अडखळले ते लिहा. '६० टक्के वापरणाऱ्यांना अडचण' असं लिहिलंत की वाचणारा फसतो.

निळी_शाई

आकडेमोड, फार नेमकं लिहिलंत. आमचीही पहिली फेरी पाचांची होती आणि तिच्यानंतर दोन झाल्या, ते मूळ लेखात लिहायचं राहून गेलं.

@समास, तुमच्या दुसऱ्या शंकेबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे. तुम्ही चित्र दाखवून मत विचारलंत असं तुमच्या प्रतिसादावरून वाटतं. मत विचारलं की माणूस सभ्यपणे "छान आहे" म्हणतो. ते चित्राबद्दल नसतं, समोर बसलेल्या तुमच्याबद्दल असतं. मी मत विचारतच नाही. काम देते.

आणि ते काम सांगतानाचे शब्द फार जपून निवडावे लागतात. 'नवीन नोंद' नावाचं बटण असेल आणि मी म्हटलं, "आता एक नवीन नोंद करा," तर माणूस डोळ्यांनी तेच दोन शब्द शोधतो आणि सापडले की बोट ठेवतो. चाचणी झाली असं वाटतं, पण झालेलं एवढंच असतं की त्याने दोन शब्द जुळवले. त्याऐवजी मी म्हणते, "तुम्ही सकाळी आलात, कोपऱ्यातलं मोठं यंत्र आवाज करतंय. काय कराल?" मग तो कुठे बघतो, काय पुटपुटतो, कोणता कागद उचलायला हात पुढे करतो, ते सगळं खरं असतं.

तो अडकला की गप्प बसायचं, हे मला शिकायला सगळ्यात जड गेलं. आपण काढलेलं असतं, उत्तर आपल्याला माहीत असतं, जीभ शिवशिवते. मी मनात दहापर्यंत मोजते. त्याने विचारलं, "इथे दाबू का?" तर "मी इथे नसते तर तुम्ही काय केलं असतं?" एवढंच म्हणते. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या आकड्याला तो स्वतःहून बोलायला लागतो, आणि टिपून ठेवण्यासारखं वाक्य तेव्हाच येतं.

कसोटी

मी टेस्टर आहे. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक टीमचं म्हणणं असतं की आम्ही आपापसात स्क्रीन नीट तपासल्या आहेत. त्यांच्यासाठी मी दोन गोष्टी नेहमी सांगते.

पहिली ॲपलच्या लिसा संगणकाची, १९८० च्या सुमाराची. सूचनेच्या चौकटीत होकाराच्या बटणावर इंग्रजीत 'डू इट' लिहिलं होतं, म्हणजे 'करा'. चाचणीला आलेली काही माणसं त्या बटणाशी येऊन थबकत, थोडी दुखावल्यासारखी दिसत. शेवटी एकाने विचारलं, हे मला 'डोल्ट' का म्हणतंय? डोल्ट म्हणजे मठ्ठ. दोन शब्दांमधली जागा बारीक होती, आणि इंग्रजी मोठा 'आय' त्या टायपात छोट्या 'एल'सारखा दिसत होता. बटणावर 'ओके' आलं ते त्यानंतर. आता ही चूक टीममधल्या कुणाला दिसली असती? दिसणं शक्यच नव्हतं. तिथे काय लिहिलं आहे हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याला दुसरं काही वाचताच येत नाही.

दुसरी गोष्ट कागदाचीच आहे, आणि फार मोठी किंमत मोजलेली. २००० ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक, फ्लोरिडातली पाम बीच काउंटी. उमेदवार बरेच होते. वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं ठेवलं, त्यामुळे नावं समोरासमोरच्या दोन पानांवर गेली आणि मत देण्यासाठी टोचायच्या भोकांची रांग मधोमध आली. डाव्या पानावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांचं नाव दुसरं होतं, पण मधल्या रांगेतलं दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन या छोट्या पक्षाच्या उमेदवाराचं होतं. गोर यांचं तिसरं. ब्युकॅनन यांना त्या एका काउंटीत ३,४०० च्या वर मतं पडली, आणि संपूर्ण फ्लोरिडाचा निकाल गोर यांच्या विरोधात अवघ्या ५३७ मतांनी लागला. नमुना मतपत्रिका मतदानाआधी छापून लोकांच्या हाती गेली होती. अनेकांनी ती पाहिली. मात्र पाहणं आणि हातात टोचणी घेऊन आपल्या माणसाला मत देणं, या दोन वेगळ्या कृती आहेत. हेतू चांगला होता, मोठ्या अक्षराचा विचार माणुसकीचा होता, म्हणून मला ही गोष्ट जास्त लागते.

दहा वयस्कर माणसांना एका खोलीत बसवून 'अमुक उमेदवाराला मत द्या' एवढंच सांगून पाहिलं असतं तर!

अर्धविराम

+१. "पाहणं आणि करणं वेगळं" हे आमच्या आढाव्याच्या बैठकीत सांगणार आहे. तिथे स्क्रीन भिंतीवर दाखवतात आणि पंधरा जण माना डोलावतात.

पडद्यामागे

चर्चा पद्धतीवर चालली आहे, म्हणून समोर बसणाऱ्या माणसाबद्दल लिहितो. मी अशा चाचण्या घेतो, आणि माझ्या दृष्टीने हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

निवृत्तीला आलेले एक कारकून आमच्याकडे आले होते. तीस वर्षं तेच काम केलेला माणूस, त्यांच्या कामातलं आमच्यापेक्षा शंभरपट कळणारा. तिसऱ्या कामाला ते अडले. दोनदा चुकले. मग हात मागे घेतले, खुर्चीत सावरून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "माझंच चुकतंय, मला हे नवीन जमत नाही हो." काचेपलीकडे त्यांचे वरिष्ठ बसलेले होते, आणि हे त्यांना माहीत होतं.

त्या दिवशी मी चाचणी तिथेच थांबवली. ज्या माणसाला ती स्क्रीन समजत नव्हती त्याच्यात काहीही कमी नव्हतं. स्क्रीन आम्ही काढली होती. पण त्या खोलीत अपमान झाला तो त्यांचा, आणि तो मी होऊ दिला. तेव्हापासून काही गोष्टी मी कधीही सोडत नाही. वरिष्ठ चाचणीच्या वेळी जवळपास नसतील, आणि कुणी काय केलं हे त्यांना नावानिशी कळणार नाही. सुरुवातीला मी डोळ्यात बघून सांगतो की परीक्षा या कागदाची आहे, तुमची नाही. तुम्ही जिथे अडाल तिथे आमचं काम चुकलंय असं आम्ही लिहिणार आहोत. कधीही उठून जायची मुभा. चित्रीकरण करायचं तर आधी विचारून, आणि नको म्हणाले तर वहीत टिपणं. आणि पहिलं काम मुद्दाम सोपं देतो, म्हणजे हात मोकळा होतो.

कच्चा कागद यात फार मदत करतो. गुळगुळीत, रंगीत स्क्रीन समोर आली की माणसाला वाटतं हे पूर्ण झालेलं आहे, आता चूक काढणं म्हणजे कुणाचं तरी मन मोडणं. पेन्सिलीने वाकड्यातिकड्या रेघा मारलेल्या असल्या की तो स्वतःच पेन्सिल उचलतो आणि म्हणतो, "हे इकडे घ्या ना." माझ्याकडे एका चाचणीतला असा कागद आहे. त्यावर आमच्यापेक्षा त्या ताईंचीच अक्षरं जास्त आहेत.

टीमला तयार कसं करायचं, असं निळी_शाई यांनी विचारलं होतं. माझ्याजवळ एकच उपाय आहे. प्रोग्रामरला एक तास खोलीत कोपऱ्यात बसवा, न बोलण्याच्या अटीवर. अहवालाची चाळीस पानं जे करत नाहीत ते त्या तासात होतं. स्वतः लिहिलेल्या फॉर्मपुढे एक चांगला माणूस हताश होताना बघितला की संध्याकाळपर्यंत कुणी न सांगता बदल झालेला असतो.

पहिलं_पाऊल

आमची तिघांची छोटी टीम आहे आणि क्लायंट आम्हाला प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना भेटू देत नाही. "जे हवं ते आम्ही सांगू" म्हणतात. अशा वेळी काय करावं? ऑफिसातल्याच लोकांवर चाचणी घेतली तर चालेल का?

कसोटी

@पहिलं_पाऊल, ऑफिसातल्यांकडून शब्द कळतो की नाही, बटण दिसतं की नाही, एवढं नक्की कळेल. काम कळणार नाही, कारण ते काम त्यांनी कधी केलेलं नाही. शक्य असेल तर तसंच काम दुसरीकडे करणारी दोन माणसं शोधा. जुनी प्रणाली असेल तर तिच्याबद्दल मदतीसाठी आलेले फोन आणि ईमेल मागून घ्या. ते द्यायला क्लायंट सहसा नाही म्हणत नाही, आणि लोक कुठे अडतात याचा त्याइतका चांगला साठा दुसरा नाही.

शिवाय तुम्ही तिघं स्वतंत्रपणे बसून नियमांच्या आधारे स्क्रीन तपासू शकता. नील्सन आणि रोल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये ही रीत मांडली आणि नील्सन यांनी १९९४ मध्ये सुधारलेले दहा निकष दिले. आत्ता काय चाललंय हे प्रणाली सांगते का, चुकलं तर मागे फिरता येतं का, आठवण्यापेक्षा ओळखण्यावर भर आहे का, अशा स्वरूपाचे. एकट्याने तपासू नका. तिघांच्या याद्या वेगळ्या निघतील, त्या एकत्र करा. पण याने माणसांची चाचणी टळत नाही. 'बिघाडाचं कारण यंत्र उघडल्यावरच कळतं' हे दहातल्या कुठल्याच निकषातून निघालं नसतं.

निळी_शाई

यात एक भर. कागदावर मजकूर खरा लिहा. 'नाव नाव नाव' किंवा नुसत्या रेघोट्या ओढू नका. आम्ही एका रकान्यात सोयीचं छोटं नाव लिहून चाचणी घेतली, आणि खऱ्या माहितीत तीन-तीन जोडशब्दांची नावं निघाली. देवनागरीत तर जास्तच काळजी घ्यावी लागते. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळीची उंची ठरवली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, आणि 'कृ'चा 'क' दिसायला लागतो. बटणावरचा इंग्रजीतला चार अक्षरी शब्द मराठीत दोन शब्दांचा होतो आणि बटणाबाहेर सांडतो. भाषांतर शेवटी करू असं ठरवलं असेल तर निदान चाचणीच्या कागदावर तरी ते आधी करून पाहा.

आणि समास यांच्या तिसऱ्या शंकेला उत्तर द्यायचं राहिलं होतं. ती बरोबर आहे. वेग, सरकवणं, ओढून टाकणं, टंकलेखनाचा ओघ हे कागदावर कळत नाही. तसा दावा मी करणार नाही.

आकडेमोड

कागद जिथे थांबतो तिथे सोंग घेता येतं. गूल्ड यांच्याच गटाने १९८३ मध्ये बोललेलं टंकित करणाऱ्या यंत्राचा अभ्यास छापला. ते यंत्र तेव्हा अस्तित्वात येणं शक्य नव्हतं. बोलणारा माणूस एका खोलीत आणि त्याचं ऐकून टंकणारी व्यक्ती दुसऱ्या खोलीत. बोलणाऱ्यासमोर पडद्यावर शब्द उमटत होते. असं यंत्र आलं तर लोक ते कसं वापरतील, हे यंत्राआधीच कळलं.

पाम पायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक १९९६ मध्ये बाजारात आला, त्याआधी तो घडवणारे जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन फिरत. कुणी भेटीची वेळ ठरवायला लागलं की ठोकळा काढून त्यावर लिहिल्यासारखं करत. खिशात मावतं का, दिवसातून किती वेळा हात जातो, कशासाठी जातो, हे त्यांना लाकडावर कळलं. प्रश्न कोणता आहे ते आधी ठरवा, मग त्या प्रश्नापुरतं सोंग उभं करा. 'शोधाला उशीर झाला तर माणूस दोनदा दाबेल का' हा प्रश्न असेल तर एकच चालती स्क्रीन करा, मागे डेटाबेस नको, उत्तर ठरलेलं आणि मुद्दाम चार सेकंद उशिरा येणारं. एका दिवसाचं काम आहे.

समास

दोन आठवड्यांनी परत लिहितो आहे. वाद घातला होता तर करून बघणं माझं कर्तव्य होतं.

आमच्याकडे सध्या वेळापत्रक आखायची एक स्क्रीन सुरू व्हायची आहे. कुणाच्या जागी कोण येणार, रजा, अदलाबदल, असं सगळं. मी चार कागद काढले. मत विचारायचं नाही हे ठरवून टाकलं होतं. पहिल्या दोघांच्या वेळी मी तीनदा मध्ये बोललो, टिपणं घेणाऱ्या सहकाऱ्याने तेही टिपून ठेवलं आहे. तिसऱ्यापासून गप्प राहिलो.

मी दिलेलं काम होतं, "उद्या सकाळचा माणूस आजारी आहे, काय कराल?" पाचही जणांनी माझ्या 'अदलाबदल' बटणाकडे बघितलंही नाही. चौघांनी पहिल्यांदा विचारलं, "उद्या मोकळं कोण आहे ते कुठे दिसेल?" पाचव्याने फोन काढला आणि म्हणाला, मी आधी दोघांना विचारतो, त्यांनी हो म्हटल्यावर इथे येतो. माझ्या रचनेत अदलाबदल म्हणजे एक क्षण होता. नाव बदललं, जतन केलं, झालं. त्यांच्या कामात तो तासाभराचा काळ आहे, विचारलं आहे पण उत्तर आलेलं नाही असा. मूळ लेखातल्या 'कारण अजून माहीत नाही'सारखंच हे आहे, हे मला तिसऱ्या माणसाच्या वेळी लक्षात आलं आणि मी टेबलाची रचना थांबवली.

निसटलेली गोष्टही सांगतो. महिन्याचं पूर्ण वेळापत्रक कागदावर तपासताच आलं नाही. चाळीस नावं आणि तीस दिवस, कागद टेबलावर मावेना आणि बदलताना 'संगणक' झालेल्या सहकाऱ्याची फार ओढाताण झाली. तेवढ्यापुरती आकडेमोड यांनी सांगितली तशी बिनडेटाबेसची स्क्रीन करतो आहे.

एक प्रश्न उरला आहे. 'विचारलं आहे' या अवस्थेतलं नाव वेळापत्रकात कसं दाखवू? फिकट अक्षरात दाखवलं तर दोघांना ते रद्द झाल्यासारखं वाटलं.

पडद्यामागे

फिकट नको. त्यांच्या आत्ताच्या वहीत ते काय खूण करतात ते विचारलंत का?

समास

नाही विचारलं. उद्या वही बघून येतो.

निळी_शाई

जमलं तर त्या खुणेचं चित्र इथे टाका. आमच्या त्या कारखान्याच्या वहीत अर्धवट नोंदीपुढे अर्धं वर्तुळ असायचं, आणि काम झालं की ते पूर्ण करायचे. तुमच्याकडे काय निघतं ते बघायला मी खरंच उत्सुक आहे.